गोळीतला मका

“मका,” नाना म्हणाले आणि हातातलं भिंग त्यांनी टेबलावर ठेवलं.

घटस्थापनेची सकाळ होती. ताई देवघरात घटावर पहिली माळ सोडत होती, आणि मी भगरीची वाट पाहत बसलो होतो. अशा वेळी मका कुठून निघाला ते मला कळेना. कुठे आहे म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं.

“गोळीत,” नाना म्हणाले.

नाना म्हणजे माझे मेहुणे, गजानन हर्डीकर. भूमापन खात्यातून निवृत्त. सातारा जिल्ह्यातल्या निम्म्या बांधांच्या हद्दी त्यांनी कायम केल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या वर्षी माझी बदली साताऱ्याला झाली होती. बिऱ्हाड पुण्यातच होतं, म्हणून राहणं, दोन्ही वेळचं जेवण आणि सकाळचा चहा ताईकडे. जेवणाबरोबर नानांची मतं मिळत. ती नाकारायची सोय नव्हती.

दोन वर्षांपूर्वी नानांचं ब्लडप्रेशर एकदा मोजलं गेलं, तेव्हा मोजणारीनेच दोनदा यंत्र तपासलं होतं. डॉक्टर शेंडगेबाईंनी त्यांना रोज सकाळी घ्यायची बीटा-ब्लॉकरची गोळी सुरू केली. धावत्या हृदयाला जरा दमानं घे म्हणून सांगणारी गोळी, एवढंच बाईंनी समजावलं होतं. एरवी दुकानदार पट्टी कापून देई. या वेळी त्याने अख्खं खोकं दिलं, आणि खोक्यात घडी घातलेला एक कागद निघाला. कागद दिसला की नाना तो वाचणार, आणि बारीक अक्षर असेल तर नकाशाचं भिंग काढून वाचणार. औषध मोहरीएवढं असतं, बाकी गोळीला अंग यावं म्हणून मक्याचं पीठ घालतात, एवढी माहिती त्यांनी त्यातून काढली.

“मका हे धान्य आहे,” नाना म्हणाले. “पीकपाहणीत तृणधान्यात लावतात. उपासाला चालत नाही.”

देवघरातून ताई म्हणाली, औषध आहे ते. नाना म्हणाले, औषध मोहरीएवढंच आहे. मी म्हणालो, मोहरीसुद्धा चालत नाही उपासाला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

उपासाची हद्द नानांनी फार पूर्वीच आखून ठेवली होती. बटाटा आत, वांगं बाहेर. जिरं आत, हळद बाहेर. हिरवी मिरची आत. कोथिंबिरीचा वाद जुना होता आणि तिच्याबाबत त्यांनी ‘जैसे थे’चा हुकूम दिला होता. म्हणजे घातलेली असली तर काढायची नाही, नसली तर मागायची नाही. साबुदाणा कारखान्यात होतो, असं मी एकदा बोलून पाहिलं होतं. तो कंदापासून होतो ना, एवढंच त्यांनी विचारलं आणि फाईल बंद केली. त्यामुळे भरपूर तुपातली, दाण्याच्या कुटाने लडबडलेली साबुदाण्याची खिचडी प्रेशरच्या माणसाला चालत होती. फक्त प्रेशरची गोळी चालत नव्हती.

नवरात्र संपेपर्यंत गोळी बंद, दसऱ्याला पुरणपोळीबरोबर पुन्हा सुरू, असा निकाल झाला. ताईने विचारलं, प्रेशरचं काय? प्रेशर उत्तम आहे, नाना म्हणाले, गेल्याच महिन्यात मोजलंय. गोळीमुळे उत्तम आहे, ताई म्हणाली. हे खरं की खोटं ते पाहायचं तर गोळी बंद करण्यावाचून मार्ग नाही, असं म्हणून नाना आंघोळीला गेले.

ताईने भगर माझ्या पानात वाढली आणि समोर बसली. “प्रभ्या, कसंही कर, पण यांना गोळी घ्यायला लाव,” ती म्हणाली. “मी चाळीस वर्षांपैकी दोनच वर्षं संसार केलाय. त्याआधी नोकरी केली.”

तिचं म्हणणं मला कळत होतं. गोळीआधीचे नाना मी पाहिले होते. मोजणीला गेले की त्यांच्या आवाजाने साखळी धरणारे शिपाई बांधाआड जाऊन बसत, आणि घरी आले की ताई स्वयंपाकघरात जाऊन बसे. आमटीत मीठ कमी पडलं तर शेजारच्या गल्लीला कळे. गोळी सुरू झाल्यापासून मात्र नाना असे निवले होते की एकदा ताईने चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तर ते म्हणाले, वेगळा लागतोय. ताई त्या दिवशी रडली होती. आनंदाने.

तिसऱ्या माळेला जुने नाना परत आले. आधी दूधवाल्यावर आले, मग पेपरवाल्यावर. संध्याकाळी गरब्याचा कर्णा सुरू झाला, तेव्हा त्यांनी मंडळाच्या पोरांना सार्वजनिक शांतता या विषयावर जे ऐकवलं, ते कर्ण्यापेक्षा लांब ऐकू गेलं. ताई स्वयंपाकघरात जाऊन बसली.

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटली. ओरडून झालं की नाना खुर्चीत बसत, डाव्या मनगटावर बोटं ठेवत आणि घड्याळाकडे बघत. मग तोंडावर समाधान पसरे. “एकशे चार,” ते पुटपुटत, खेळपट्टीवर टिकलेल्या फलंदाजासारखे. नाडी वाढली म्हणून खूश होणारा प्रेशरचा रोगी मी तोवर पाहिला नव्हता. म्हटलं, म्हातारपणी माणसाला काहीतरी छंद हवाच.

ताईला धीर धरवेना. तिने एक बेत केला. खिचडीला दाण्याचं कूट घालायचंच असतं, त्यातच गोळी कुटून घालायची. “दाण्यात काय कळतंय त्यांना,” ती म्हणाली. खलबत्ता काढलासुद्धा. पण ताई नियमाची बाई. कुटण्याआधी तिने शेंडगेबाईंना फोन लावला, आणि मी दुसऱ्या बाजूने रिसीव्हरला कान लावला.

“कुटायची नाही,” बाई म्हणाल्या. “ती दिवसभर सावकाश विरघळणारी गोळी आहे. कुटलीत तर सगळा डोस एकदम पोटात उतरेल. नाडी इतकी खाली जाईल की चक्कर येऊन पडतील. पण मला हे सांगा, गोळी बंद कोणी केली?”

ताईने मक्याची हकीकत सांगितली. बाई हसतील असं मला वाटलं, पण त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

“दोन वर्षं दाव्याला बांधलेला बैल आहे तो,” बाई म्हणाल्या. “दावं एकदम तोडलंत तर तो चालत नाही, उधळतो. प्रेशर आधी होतं त्याच्याही वर जाईल, हृदयाला झटका येऊ शकतो. बंदच करायची असेल तर मी सावकाश उतरवत आणीन, तीही मोजत मोजत. आणि आता घाबरून चुकलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. त्यांना आज इकडे घेऊन या.”

ताईने चाचरत विचारलं, नवरात्र झाल्यावर आणलं तर?

“नवरात्र पुढच्या वर्षीही येतं,” बाई म्हणाल्या. “छातीत दुखलं, घाम सुटला, तर मात्र आणू की नको विचारत बसू नका.”

नाना गेले नाहीत. घट बसलेले असताना डॉक्टरकडे जाणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. गेल्या वर्षी घट बसलेले असताना ते दाताच्या डॉक्टरकडे गेले होते याची मी आठवण दिली. तेव्हा दात दुखत होता, असं उत्तर मिळालं.

मग मी धर्माच्या बाजूने चढाई करायचं ठरवलं. सप्तशतीच्या पाठाला वामनगुरुजी येत. त्यांना मी फाटकातच गाठलं आणि सगळं सांगितलं. गुरुजींनी उपरणं सावरलं, आत आले, नानांसमोर पाटावर बसले आणि शांतपणे सांगितलं की ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं शास्त्र म्हणतं, त्यांत पाणी आहे, फळं आहेत, दूध आहे आणि औषधही आहे. “मी स्वतः सकाळी दोन गोळ्या घेऊन पाठाला बसतो,” ते म्हणाले.

“त्या गोळ्यांत काय आहे ते तुम्ही वाचलंत का?” नानांनी विचारलं.

गुरुजींनी वाचलं नव्हतं.

“मग तुमचा निकाल अपिलात टिकणार नाही,” नाना म्हणाले. गुरुजींना त्यांनी नमस्कार केला, दक्षिणा दिली आणि दारापर्यंत पोचवायला गेले. परत आले ते जिन्यावरच्या चपलांवर ओरडत. मग मनगट धरून उभे राहिले. एकशे बारा.

मी थट्टेच्या सुरात म्हणालो, नाना, हा आकडा कुठपर्यंत न्यायचाय? चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग म्हणाले, तुमची भगर गार होतेय, प्रभाकरराव.

ललितापंचमीच्या सकाळी मी दाढी करत होतो. स्वयंपाकघरातून ताईने मला हाक मारली, आणि तिचा आवाज इतका हळू होता की मी तोंडाला साबण तसाच ठेवून धावलो. ती खिडकीशी उभी होती. मागच्या परसात, कपडे धुवायच्या दगडावर, नाना बसले होते. डावा हात छातीवर, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, तोंड शेजाऱ्याच्या भिंतीकडे. मी जवळ गेलो. ते म्हणाले, काही नाही, जरा दाटल्यासारखं झालंय, इथून हातात उतरतंय.

ताईने आणू की नको विचारलं नाही. मी रिक्षा आणेपर्यंत तिने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली होती आणि गोळ्यांचं खोकं पिशवीत टाकलं होतं. रिक्षात नानांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरीही रिक्षावाल्याला त्यांनी सांगितलं, डावीकडून घे, उजवीकडचा रस्ता मंजूर नकाशात नाही. ताईने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. ती पहिल्यांदा बोलली ती दवाखान्याच्या दाराशी. “एवढं ओरडलात दोन दिवस,” ती म्हणाली, “आता एकदा माझ्यावर ओरडा. काहीही ओरडा.” नानांना ओरडता आलं नाही.

शेंडगेबाईंनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जिभेखाली एक गोळी, छातीला तारा, हाताला सुई. प्रेशरचा आकडा त्यांनी आम्हाला सांगितला नाही, पण नर्सने तो दोनदा विचारून घेतला. बाहेरच्या बाकावर मी आणि ताई बसलो. माझ्या गालावरचा साबण वाळून तडकला होता, आणि ताई त्याकडे बघत होती, पण तिला तो दिसत नव्हता. तिच्या बोटांना घटाच्या झेंडूचा पिवळा रंग तसाच होता.

दुपारी बाई बाहेर आल्या. झटका दारापर्यंत आला होता, म्हणाल्या, आत आला नाही. गोळी पुन्हा सुरू केली आहे. आणखी थोडा उशीर केला असतात तर दार उघडलं असतं. मग मला म्हणाल्या, तुम्ही आत बसा, पण त्यांना बोलू देऊ नका.

नानांना बोलू न देणं ही गोष्ट सांगायला सोपी होती. त्यांची नजर वर टांगलेल्या बाटलीवर खिळली होती. बाई कागदावर काही लिहीत होत्या.

“यात काय आहे?” नानांनी विचारलं.

“औषध. साखरेच्या पाण्यातून जातंय.”

“कशाची साखर?”

बाईंनी लिहिणं थांबवलं नाही. “बहुतेक मक्याची,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून निम्मी बाटली गेली आहे. आता राहिलेला उपास सोडून द्या, हर्डीकर. शिरेतून मका खाल्लेला माणूस आहात तुम्ही.”

त्या गेल्यावर नानांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, व्रतभंगाचं दुःख असेल. म्हणून मी समजूत काढायला लागलो की आजारपणात देवी मनावर घेत नाही, शिवाय हे आपण खाल्लेलं नाही, त्यांनी घातलेलं आहे.

“प्रभाकरराव,” नाना डोळे न उघडता म्हणाले, “मी गोळी मक्यासाठी बंद केली नव्हती.”

मी समजूत काढायचं थांबवलं.

“दामल्यांची भिंत,” ते म्हणाले.

दामले म्हणजे परसापलीकडचे शेजारी. श्रावणात त्यांनी जुनं तारेचं कुंपण काढून विटांची भिंत बांधली होती. नाना सांगू लागले. पाया खणला तेव्हाच त्यांना नजरेने कळलं होतं. तरी पडताळा म्हणून त्यांनी फीत लावली. भिंत सव्वा फूट आत आली होती. आत म्हणजे नानांच्या परसात. आणि त्याच वेळी दामले चहाचा कप हातात घेऊन आले आणि गोड हसून म्हणाले, नाना, थोडं इकडेतिकडे झालं तर चालेल ना?

“आणि मी म्हणालो, असू दे,” नाना म्हणाले. “असू दे. मी. उभी हयात लोकांचे दगड जागेवर बसवण्यात गेली, आणि माझ्या परसात आलेल्या भिंतीला मी म्हणालो, असू दे.”

राग आला नाही का, मी विचारलं.

“आला ना. पण वर येईना. आतच बसून राहिला, पेन्शनरासारखा. हात कापत नाही, छाती धडधडत नाही, आवाज चढत नाही. असा माणूस भांडणार कसा? दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर मीच दामल्यांना विचारून आलो की विटा कुठून आणल्यात, चांगल्या आहेत.” त्यांनी सुईचा हात जरासा हलवला. “म्हटलं, दसऱ्यापर्यंत गोळी बंद ठेवू. राग वर आणू. एकदा दामल्याला सरळ करू आणि मग गोळी सुरू करू. उपास कुणालाही सांगता येतो. हे कुणाला सांगणार?”

आता मला ते मनगट, ते घड्याळ, ते समाधान कळलं. ते मापावर मापं घेत होते. आणि आज सकाळी राग पुरेसा चढला आहे अशी त्यांची खात्री पटली, तेव्हा ते परसात गेले आणि त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली, “दामले.” एवढंच. पुढचं वाक्य निघायच्या आत छातीत कळ आली.

“दामले तर कालच गणपतीपुळ्याला गेलेत,” दारातून ताई म्हणाली.

ती कधी येऊन उभी राहिली होती ते आम्हाला कळलं नव्हतं. तिच्या हातात सरबताचा थर्मास होता. तो तिने खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि पलंगाशी बसली. मला वाटलं, आता रडेल.

“सव्वा फुटासाठी मला एकटी टाकून निघाला होतात,” ती म्हणाली.

नानांनी नजर पुन्हा वरच्या बाटलीवर नेली.

“आता ऐका. तुम्ही गोळी घ्या. भांडण मी करते.”

“तुला भांडता येत नाही.”

“चाळीस वर्षं शिकवणी झाली आहे माझी,” ताई म्हणाली.

नानांनी तिच्याकडे पाहिलं. एखाद्या गटाचा नकाशा आपण आजवर उलटा धरला होता असं ध्यानात यावं तसं पाहिलं. संध्याकाळी नर्स गोळी घेऊन आली, ती त्यांनी अख्खी गिळली, आणि त्यात काय आहे हे विचारलं नाही.

सोडताना शेंडगेबाईंनी ताईला सगळं समजावलं. रोज त्याच वेळेला द्या. पलंगावरून उठताना आधी बसवा, मग उभं करा. नाडी पन्नासाच्या खाली दिसली किंवा पायांवर सूज आली तर कळवा. कुठे दात काढायला जरी गेलात, तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका, देवाच्याही नाही. ताईने मान डोलावली. नानांनीही डोलावली. बाईंनी ती फक्त ताईची धरली.

दसऱ्याला संध्याकाळी दामले आपट्याची पानं घेऊन आले. त्यांना नानांचं दुखणं नुकतंच कळलं होतं, त्यामुळे चेहरा काळजीचा होता. नानांना सोनं देऊन त्यांनी तब्येतीला जपायला सांगितलं आणि मग ताईपुढे पानं धरली. ताईने ती घेतली, देवापुढे ठेवली आणि परत येऊन त्यांच्यासमोर बसली.

“दामलेभाऊजी, भिंत सव्वा फूट आत आली आहे,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, वरणाला फोडणी दिली आहे असं सांगावं तसा. “दिवाळीपर्यंत मागे घ्या.”

दामले हसले. म्हणाले, वहिनी, नानांना विचारूनच तर बांधली, ते असू दे म्हणाले होते.

“ते गोळीवर होते,” ताई म्हणाली. “मी कुठल्याच गोळीवर नाही.”

दामल्यांनी आधाराला म्हणून नानांकडे पाहिलं. नाना खिडकीबाहेर बघत होते. मग दामल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानं मोजू लागलो.

“सीमोल्लंघन गावाच्या वेशीबाहेर करतात, भाऊजी,” ताई म्हणाली. “आमच्या परसात नाही. उद्या तुमच्या गवंड्याला बोलवा, फीत मी धरते. नानांना वाकू देणार नाही. चहा घेणार?”

चहा दामल्यांनी घेतला. तो त्यांना वेगळा लागला असावा, कारण त्यांनी अर्धा ठेवला. भिंत दिवाळीआधी मागे गेली. त्या गवंड्याने नंतर सगळ्या कॉलनीत सांगितलं की हर्डीकरबाई एक शब्द मोठ्याने बोलत नाहीत, नुसत्या तिथे उभ्या राहतात, आणि वीट आपोआप सरळ बसते.

पण ताई तिथेच थांबली नाही. पुढच्या महिन्यात तिने दूधवाल्याचं माप काढलं, मग नगरपालिकेचा नळ, मग पुढच्या नवरात्रात गरब्याचा कर्णा. मी साताऱ्याहून बदलून गेलो तेव्हा ती कॉलनीची अध्यक्ष झाली होती, आणि तिचा आवाजही चढू लागला होता. निवडणूक लढवायला कुणी धजलं नव्हतं.

नाना त्यानंतर बरीच वर्षं जगले. गोळी एकदाही चुकली नाही. मी सुट्टीत गेलो की ते रोज सकाळी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन बसत, आणि स्वयंपाकघरातून ताईचा आवाज चढत असला की ती जरा घाईने घेत.

“घ्यावी लागते, प्रभाकरराव,” ते मला हळूच म्हणाले. “घरात एकाचं तरी डोकं शांत हवं. आता ती पाळी माझी आहे.”